घड्याळ आणि पाळणा

गेल्या उपवासकाळातली गोष्ट. शुक्रवारची क्रुसाच्या वाटेची भक्ती आटोपून मी कचेरीचे दिवे मालवीत होतो, इतक्यात एक जोडपे दाराशी येऊन उभे राहिले. लग्नाला नऊ वर्षे झालेली. घरात पाळणा हललेला नाही. त्याच्या हाती तपासण्यांच्या कागदांची जाडजूड फाईल होती आणि तिच्यावर शहरातल्या एका उपचारकेंद्राचे गुळगुळीत, रंगीत माहितीपत्रक. त्यातल्या एका ओळीवर बोट ठेवून त्याने विचारले, "फादर, हे लोक म्हणतात, आम्ही शुक्राणू आणि स्त्रीबीज रात्रभर एकत्र ठेवत नाही, दोन-तीन तासांतच वेगळे करतो, म्हणून आमच्याकडे यश जास्त. हे खरं आहे का? आणि आपल्या धर्मात हे चालतं का?" ती काहीच बोलली नाही. तिची नजर फरशीवर होती.

दुसऱ्या प्रश्नाचे उत्तर मला पाठ होते. मी सेमिनरीत नीतिशास्त्र शिकत होतो तेव्हा 'डोनुम विते' अर्थात 'जीवनाचे दान' ही १९८७ सालची सूचना आमच्या अभ्यासात होती. परंतु पहिल्या प्रश्नाचे उत्तर मला ठाऊक नव्हते, आणि त्या संध्याकाळी मला प्रथमच लाज वाटली. उत्तर पाठ असणे वेगळे आणि ते देण्याचा अधिकार कमावणे वेगळे. ज्या गोष्टीला आपण व्यासपीठावरून 'नाही' म्हणतो ती गोष्ट नेमकी कशी घडते, हे जाणून घेण्याचे कष्टही घ्यायचे नाहीत, हा धर्मगुरूंचा आळस झाला. म्हणून मी त्या दोघांकडून आठवड्याची मुदत मागितली, वैद्यकशास्त्र जाणणाऱ्या माणसाजवळ बसलो आणि वाचले. त्यातून जे हाती आले ते येथे मांडीत आहे. माझे भांडण तिघांशी आहे: त्या माहितीपत्रकाशी, ख्रिस्तसभेची शिकवण अर्धवट सांगणाऱ्यांशी, आणि आपल्या धर्मग्रामाशी. शेवटचे भांडण सर्वांत कडू आहे, म्हणून ते शेवटी ठेवले आहे.

स्त्रीच्या देहात काय घडते ते आधी पाहू. बीजकोशातून सुटलेले बीज जेमतेम बारा ते चोवीस तास फलनक्षम असते. पुरुषाचे शुक्राणू मात्र स्त्रीदेहात पाच दिवसांपर्यंत टिकू शकतात. निघतात ते कोट्यवधी. परंतु वाटेतल्या गाळण्या ओलांडीत बीजवाहिनीतल्या भेटीच्या जागी पोचतात ते फार तर काही शे. पोचले म्हणून ते लगेच समर्थ ठरत नाहीत. स्त्रीदेहात काही तास काढल्यावरच बीजात शिरण्याची पात्रता त्यांच्या अंगी येते, हे चँग आणि ऑस्टिन या दोन शास्त्रज्ञांनी १९५१ साली स्वतंत्रपणे दाखवून दिले. त्या शोधावाचून देहाबाहेरचे फलन शक्य झाले नसते.

प्रयोगशाळेत ही सारी वाट वगळली जाते. इंजेक्शने देऊन स्त्रीच्या देहात एकाच वेळी अनेक बीजे पिकवितात, ती सुईने काढतात आणि बशीतल्या पोषक द्रवात ठेवतात. मग दर मिलिलिटरला पन्नास हजार ते लाखभर या हिशेबाने धुतलेले, निवडलेले शुक्राणू त्यात सोडतात. बशी ३७ अंशांच्या उबपेटीत जाते. जुनी वहिवाट अशी की, रात्रभर ती तशीच राहू द्यावी आणि सोळा ते अठरा तासांनी सूक्ष्मदर्शकातून पाहावे. बीजात दोन केंद्रके दिसली, एक आईकडचे आणि एक बापाकडचे, म्हणजे फलन झाले.

या वहिवाटीविषयी पुढे संशोधकांनाच शंका येऊ लागली. जो शुक्राणू शिरायचा तो पहिल्या काही तासांतच शिरतो. उरलेले हजारो शुक्राणू मात्र रात्रभर त्या इवल्याशा थेंबात धडपडतात, थकतात, मरतात. त्यांच्यातून प्राणवायूची घातक रूपे बाहेर पडतात, द्रव बिघडतो, आणि नुकत्याच फलित झालेल्या बीजाला त्याच गढूळ पाण्यात रात्र काढावी लागते. देहातल्या नलिकेत अशी गर्दी कधीच नसते. तेव्हा एक ते चार तासांनी बीज उचलून स्वच्छ द्रवात ठेवावे काय? या पद्धतीचा आणखी एक उपयोग सांगतात. बीज लवकर मोकळे केल्याने फलन झाले की नाही याची खूण लवकर कळते, आणि न झाल्यास त्याच दिवशी एकच शुक्राणू सुईने बीजात सोडता येतो. 'इक्सी' नावाची ही सुईची पद्धत १९९२ साली ब्रुसेल्सहून जगापुढे आली.

प्रश्न रास्त आहे आणि तो विचारणारे प्रामाणिक आहेत, हे मी मोकळ्या मनाने मान्य करतो. आता उत्तर पाहा. या विषयावरील प्रयोगांचे एकत्रित परीक्षण २०१३ साली कॉक्रेन या आंतरराष्ट्रीय संस्थेने प्रसिद्ध केले. आठ प्रयोग, त्यांत मिळून ७३३ स्त्रिया. थोडा वेळ एकत्र ठेवलेल्या गटात गर्भधारणेचे प्रमाण अधिक दिसले. गर्भपाताच्या प्रमाणात स्पष्ट फरक दिसला नाही. आणि हा पुरावा हलक्या दर्जाचा आहे, असे परीक्षकांनीच नमूद केले. शिवाय त्यांनी आणखी एक गोष्ट लिहून ठेवली, ती वाचून मी पुस्तक मिटून बसलो. आठांपैकी एकाही प्रयोगाने जिवंत बाळ जन्मल्याचा आकडा दिलेला नव्हता.

वाचकहो, याचा अर्थ नीट लक्षात घ्या. तास मोजले गेले. फलित बीजे मोजली गेली, भ्रूणांची प्रत ठरविली गेली, गर्भधारणा नोंदल्या गेल्या. ज्याच्यासाठी ती स्त्री नऊ वर्षे नोव्हेना करते, तेवढेच मोजायचे राहिले. परीक्षकांनी हे झाकून ठेवले नाही, उघड सांगितले. म्हणून शास्त्रावर माझा राग नाही. माझा राग आहे तो त्या रंगीत कागदावर. शास्त्र 'कदाचित' म्हणते तेथे तो कागद 'म्हणून' लिहितो. शास्त्र 'गर्भधारणा' म्हणते तेथे तो 'यश' लिहितो आणि बाजूला हसऱ्या बाळाचे चित्र छापतो. त्या चित्रापायी माणसे दागिने गहाण टाकतात, वाडवडिलांची वाडी विकतात. ज्याच्याजवळ पुरावा 'कदाचित'चा आहे, त्याने 'खात्री'चे दाम घेऊ नये. हे सांगायला कॅथॉलिक असावे लागत नाही. साधी बाजाराची नीती पुरे.

आता दुसरे भांडण. समजा, उद्या भक्कम पुरावा मिळाला आणि दोन तासांनीच अधिक बाळे जन्माला येतात हे सिद्ध झाले. मग ख्रिस्तसभेचे उत्तर बदलेल काय? बदलणार नाही. आणि ते का बदलणार नाही, हे सांगण्यात आपण फार हयगय केली आहे. पुष्कळांची समजूत अशी की, ही पद्धत कृत्रिम आहे म्हणून ख्रिस्तसभा तिला विरोध करते. हे चूक आहे. 'डोनुम विते' स्वच्छ सांगते की, केवळ कृत्रिम म्हणून कोणताही उपचार त्याज्य ठरत नाही. कृत्रिमतेचेच वावडे असते तर आपण अपुऱ्या दिवसांच्या बाळाला पेटीत ठेवले नसते आणि धर्मगुरूंनी चष्मेही लावले नसते. म्हणून 'निसर्गात ढवळाढवळ नको' असे जे आपल्यातले काही जण ठणकावून सांगतात, त्यांनी कृपा करून ते ख्रिस्तसभेच्या नावावर खपवू नये.

खरी कारणे दोन. पहिले, भ्रूणांचे. २५ जुलै १९७८ रोजी इंग्लंडमधील ओल्डहॅम येथे लुईस ब्राऊन जन्मली तेव्हा स्टेप्टो, एडवर्ड्स आणि जीन पर्डी यांनी तिच्या आईच्या नैसर्गिक पाळीतले एकच बीज घेतले होते. उरण्यासारखे काही नव्हतेच. पुढे यश वाढावे म्हणून अनेक बीजे पिकविण्याची रीत सर्वत्र रूढ झाली, आणि तिच्याबरोबर 'उरलेले भ्रूण' हा शब्द आला. माणसाच्या संदर्भात 'उरलेले' हा शब्द आपण कसा उच्चारू शकतो? आपल्या देशाच्या २०२१ च्या कायद्याने या बेबंद धंद्याला नोंदणीची शिस्त लावली, ते चांगलेच झाले. पण त्याच कायद्यानुसार गोठविलेला भ्रूण जास्तीत जास्त दहा वर्षे ठेवता येतो. त्यानंतर तो नष्ट होऊ द्यायचा किंवा संमतीने संशोधनाला द्यायचा. औषधाच्या बाटलीवर मुदत असते हे मला समजते. ज्याच्या ठायी एका माणसाचे आयुष्य सुरू झाले आहे, त्याच्यावर मुदतीची चिठ्ठी कोणी लावायची?

दुसरे कारण अधिक सूक्ष्म आहे. समजा, एकच भ्रूण तयार केला आणि तोच ठेवला. काहीच उरले नाही. तरीही ख्रिस्तसभा थबकते. येथे मला समोरून येणारा सर्वांत बळकट युक्तिवाद ठाऊक आहे: "फादर, नऊ वर्षे सुया टोचून घेणाऱ्या या बाईच्या प्रेमात काय उणे आहे? अविचाराच्या एका रात्रीतून जन्मलेले मूल प्रेमाचे, आणि हे मूल मात्र यंत्राचे?" या युक्तिवादापुढे मी मान लववितो. प्रेम उणे नाही. कदाचित अधिकच आहे. पण प्रश्न आईबापांच्या प्रेमाचा नाही, तर मूल ज्या दाराने येते त्या दाराशी कोण उभे आहे, याचा आहे. पतिपत्नी एकमेकांना स्वतःला देतात तेव्हा मूल मागता येते, ठरविता येत नाही. ते देणगी म्हणूनच येते. बशीजवळ मात्र एक परका माणूस उभा असतो. त्याच्या मनात दुष्टावा नसतो. पण त्याचे कामच निवडण्याचे आहे. दोनऐवजी तीन केंद्रके दिसली, टाका. वाढ मंद आहे, बाजूला ठेवा. याची प्रत उत्तम, हा घ्या. 'किती तास?' हा प्रश्नच पाहा ना. तो प्रक्रियेला विचारायचा प्रश्न आहे. प्रक्रियेतून जे निघते त्याची प्रत लावली जाते, आणि प्रत लावणाऱ्याला नाकारण्याचा अधिकार आपोआप मिळतो. माणसाच्या आरंभावर दुसऱ्या माणसाचा असा अधिकार नको, एवढेच ख्रिस्तसभेचे म्हणणे आहे. ते कठोर वाटेल; पण ते मुलाच्या बाजूने आहे.

आणि म्हणूनच, अशा रीतीने जन्मलेल्या मुलाविषयी ख्रिस्तसभेच्या मनात किंतु असूच शकत नाही. लुईस जन्मली तेव्हा व्हेनिसचे कार्डिनल अल्बिनो लुचियानी यांना पत्रकारांनी गाठले. त्यांनी पद्धतीविषयी आपली शंका लपविली नाही. पण त्या बालिकेला त्यांनी मनापासून शुभेच्छा दिल्या, आणि तिच्या आईबापांना दोषी ठरविण्याचा आपल्याला अधिकार नाही, असे सांगितले. काही आठवड्यांतच, २६ ऑगस्ट १९७८ रोजी, ते पोप पहिले जॉन पॉल झाले. आपल्या मुंबईतल्या के. ई. एम. रुग्णालयात डॉ. इंदिरा हिंदुजा यांच्या हातून अशी बालिका जन्मली ती ६ ऑगस्ट १९८६ रोजी. त्या दिवशी आपण प्रभूच्या रूपांतराचा सण पाळतो. हा योगायोग म्हणा. मला तो एक सूचना वाटतो. कोणत्याही वाटेने आलेल्या मुलाच्या मुखावर देवाचेच तेज असते, आणि जो कोणी बाप्तिस्म्याच्या कुंडापाशी 'हे मूल कसे झाले' अशी कुजबुज करील, त्याने आधी स्वतःच्या आत्म्याची तपासणी करावी.

येथून तिसरे भांडण सुरू होते, आणि ते तुमच्याशी व माझ्याशी आहे.

त्या जोडप्याला उपचारकेंद्रापर्यंत कोणी ढकलले? केवळ माहितीपत्रकाने नव्हे. लग्नानंतर वर्ष उलटत नाही तोच मिस्सेनंतर देवळाच्या पायऱ्यांवर "काय, गोड बातमी कधी?" असे विचारणाऱ्या मावश्यांनी ढकलले. बाप्तिस्म्याच्या जेवणाला आमंत्रण देताना तिचेच नाव विसरणाऱ्या नातलगांनी ढकलले. "माझ्या मुलात काही दोष नाही," असे तपासणीवाचून सांगणाऱ्या सासूने ढकलले. जागतिक आरोग्य संघटनेने २०२३ साली जाहीर केले की, जगात दर सहा प्रौढांमागे सुमारे एकाला आयुष्यात कधीतरी वंध्यत्वाला तोंड द्यावे लागते; आणि या दुःखाचे कारण पुरुषातही असते, दोघांतही असते. तरी आपल्या वाड्यांतून आजही आधी बाईच्याच तपासण्या होतात. पुरुषाची साधी वीर्यतपासणी वर्षानुवर्षे राहून जाते, कारण तेथे त्याचा मान आडवा येतो. शुक्राणूंनी बशीत किती तास राहावे यावर जगभर प्रयोग झाले. नवऱ्याने तपासणीला जाण्यासाठी किती वर्षे घ्यावीत, यावर कोणी प्रयोग करणार आहे काय?

आम्ही धर्मगुरूही सुटत नाही. शिलो येथील मंदिरात हन्ना ओठ हालवून निःशब्द प्रार्थना करीत होती, तेव्हा एली याजकाला वाटले, ही बाई प्यालेली आहे. दुःखाने वेडावलेली स्त्री समोर होती आणि याजकाला दिसला तो नियमभंग. एलीने निदान आपली चूक उमगताच तिला आशीर्वाद देऊन धाडले. आम्ही 'चालत नाही' एवढे सांगतो आणि वर 'दत्तक घ्या' असा सल्ला चिकटवितो. दत्तक घेणे ही थोर गोष्ट आहे. अनाथ बालकाला घर देणे हे ख्रिस्ताला घर देणे आहे. पण ज्यांना दोन-दोन मुले आहेत त्यांना आम्ही हा सल्ला कधी देत नाही, आणि दत्तक आलेल्या मुलाला 'रक्ताचे नाही' म्हणणाऱ्यांना व्यासपीठावरून कधी दटावीत नाही. मग तो सल्ला त्या जोडप्याला तोंडावर दार लावल्यासारखा वाटला, तर नवल काय?

ख्रिस्तसभा केवळ 'नाही' म्हणत नाही, हेही आपण सांगत नाही. २००८ सालच्या 'दिग्नितास पेर्सोने' या सूचनेत वंध्यत्वाच्या मुळाशी जाणाऱ्या उपचारांना स्पष्ट पाठिंबा आहे: बंद नलिका शस्त्रक्रियेने मोकळी करणे, गर्भाशयाबाहेर वाढलेल्या अस्तरावर इलाज करणे, संप्रेरकांचा तोल सावरणे. पाळीचे निरीक्षण करून फलनक्षम दिवस ओळखण्याची रीत आपण विवाहपूर्व शिबिरात शिकवितो ती अंतर ठेवण्यासाठी. तीच रीत मूल होण्यासाठीही उपयोगी पडते, हे किती जोडप्यांना ठाऊक आहे? आपल्या धर्मभगिनी कितीतरी रुग्णालये चालवितात. तेथे या जोडप्यांसाठी आठवड्यातून एक दिवस ठेवता येणार नाही का? देवळाच्या सणाला रोषणाईवर जो खर्च होतो त्याचा दहावा हिस्सा अशा उपचारांच्या निधीला दिला, तर सणाची शोभा कमी होईल काय? जो दुसऱ्याला एक वाट बंद करतो, त्याने दुसरी वाट त्याच्याबरोबर चालून दाखवावी. तसे केले नाही तर आपले नीतिशास्त्र खरे असूनही खोटे ठरेल.

"फादर, तुम्ही अविवाहित, तुम्हांला काय कळणार?" हेही मला ऐकावे लागेल. खरे आहे, मला ते दुःख आतून कळणार नाही. माझा रिकामा पाळणा मी स्वेच्छेने स्वीकारला. त्यांचा त्यांच्यावर येऊन पडला. या दोन्हींची तुलना करण्याइतका मी उद्धट नाही. एवढेच सांगतो की, मूल नसलेले जीवन अपुरे असते हा समाजाचा निवाडा खोटा आहे, हे मी माझ्या आयुष्याने तरी सांगू शकतो. ज्या विवाहाला अपत्य नाही तोही पूर्ण संस्कार आहे.

आठवड्याने ती दोघे परत आली. हे सारे मी त्यांना सांगितले, याहून सावकाश आणि याहून हळू आवाजात. कोणत्याही केंद्रात पाऊल टाकण्यापूर्वी विचारायचे तीन प्रश्नही दिले: सुरू केलेल्या दर शंभर उपचारांमागे जिवंत बाळे किती? एका खेपेस भ्रूण किती तयार करता? आणि जे ठेवत नाही, त्यांचे काय करता? नवऱ्याने ते फाईलच्या पाठीवर लिहून घेतले. मग तो म्हणाला, "फादर, माझी तपासणी अजून झालेली नाही." त्या वेळी ती प्रथमच वर पाहून बोलली: "आम्ही काहीही ठरवलं, तरी तुम्ही आमच्या घरी याल ना?"

मी म्हणालो, येईन. त्यांनी काय ठरविले ते मी येथे सांगणार नाही; ते त्यांच्या विवेकाचे आणि देवाचे आहे. पण तिला तो प्रश्न विचारावासा वाटला, याचा जाब आपल्या धर्मग्रामाला द्यावा लागेल. येत्या रविवारी मिस्सेनंतर पायऱ्यांवर अशी एखादी मुलगी भेटली, तर कृपा करून तिला काही विचारू नका. तिला जेवायला बोलवा.